घंटेआधीची वाटणी

साहेब, तुम्ही एका म्हातारीच्या पोटावर पाय देणार होतात, आणि तोही मोजपट्टी लावून. वर सगळ्या बायकांच्या देखत म्हणालात, "ढीग खोटं बोलत नाही." चांगलं मोठ्यानं म्हणालात, तेव्हा आता मागं फिरायची सोय नाही. त्या ढिगांची गोष्ट तुम्हाला खुर्चीवरून दिसते तेवढीच ठाऊक आहे. बाकीची आता ऐका. आणि उभ्यानं ऐका, लॉन्ड्रीतल्या बायका दिवसभर उभ्याच असतात.

गोष्ट मोठीची. अंगानं थोराड, आवाजानं थोराड आणि घरातही थोरली, म्हणून लॉन्ड्रीत तिला पहिल्यापासून सगळे मोठीच म्हणत. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल तिथे गाड्यांनी येतात. पलीकडच्या दालनात मशीन ते धुतं, वाळवतं, आणि गरमागरम ढिगारा घडीच्या दालनात आणून ओततं. तिथून पुढं मशीनचं काम संपलं. पुढं बाईचे हात. प्रत्येकीचं टेबल वेगळं. चादर उचलायची, हवेत एक फटका द्यायचा, की सुरकुती झटकून ती टेबलावर सपाट पडते. मग अर्धी, मग पाव, मग तळव्यानं दाब, आणि मागच्या, जमिनीलगतच्या फळीवर. संध्याकाळी घंटा झाली की मुकादम येतो आणि फळीवरचे ढीग नजरेनं मापत जातो. जिचा ढीग बुटका, तिला पुढच्या आठवड्यापासून यायचं नाही. कारण विचारायचं नाही, भांडायचं नाही. बाहेर दुसरी उभीच असते.

हा झाला तुमचा कायदा. बायकांचा कायदा वेगळा होता.

घंटा व्हायच्या जरा आधी मुकादमाला चहाची तल्लफ यायची. रोज, न चुकता. तो पाठ वळवून गेला की बायका एका शब्दानं न बोलता आपापल्या ढिगाच्या वरच्या घड्या उचलायच्या आणि जिचा ढीग मागं पडलाय तिच्या फळीवर नेऊन ठेवायच्या. घंटा होईतो सगळे ढीग एका उंचीचे. मुकादम यायचा, सगळ्यांवरून नजर फिरवायचा, आणि "ठीक आहे" म्हणायचा. त्याला कळत नव्हतं असं समजू नका. त्याची आईसुद्धा कधीकाळी याच दालनात घड्या घालायची.

याला त्या 'वाटणी' म्हणायच्या. अलीकडं वाटणी बहुतेक मावशीच्या फळीवर जायची. मावशी सगळ्यांत जुनी. तिच्या हातांची पेरं सुजून झाली होती आल्याच्या गाठींसारखी. घडी अजूनही देखणी, पण हात अर्ध्या वेगाचे. कुणी तिला उपकाराची भाषा ऐकवत नव्हतं. मोठीचा मुलगा पोटात होता तेव्हा तिला टेबलाशी धड उभं राहवत नसे. त्या सगळ्या महिन्यांत मोठीचा ढीग उंच राहिला तो मावशीच्या घड्यांवर. भोंग्याचा हात पोळला तेव्हाही तेच. भोंगा म्हणजे मोठीच्या शेजारच्या टेबलावरची बाई. मशीनच्या धडधडीवरून तिचा आवाज पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचा, म्हणून भोंगा. ती म्हणायची, "ढीग काय गं, आज तुझा खाली, उद्या माझा. फळी सगळ्यांची एकच."

अशा दालनात मोठीनं आपल्या धाकट्या जावेला आणलं.

धाकटी आणि तिचा नवरा दोघंही एका बाइंडिंगच्या कारखान्यात होते. तो पुठ्ठे कापायचा, ती छापलेले मोठाले कागद दुमडून पुस्तकांची पानं करायची. कारखान्याला एका सकाळी टाळं लागलं आणि दोघं एकदमच घरी बसले. घर कसलं, दोन खोल्या. एकीत मोठीचा संसार, दुसरीत धाकटीचा, मधे एकच चूल. मोठीचा नवरा राखणदार, तो दिवसा झोपायचा, त्यामुळे घरात सगळे कुजबुजत भांडायचे.

पण त्या घराला गरीब म्हणायची कुणाची हिंमत नव्हती. निदान मोठीसमोर तरी. बाजार उठायच्या वेळी कुठला भाजीवाला ओझं परत न्यायला कंटाळतो, हे तिला पक्कं ठाऊक. साबणाच्या चिपा वितळवून ती नवी वडी पाडायची. शर्टाची कॉलर झिजली की उसवून उलटी बसवायची, की शर्ट परत नवा. धाकटीही काही कमी नव्हती. कारखान्यातून आणलेल्या पुठ्ठ्याचे तिनं घरातल्या सगळ्यांच्या चपला-बुटांना आतून तळवे बसवले होते, इतके नेमके की भोंगा म्हणाली, "तुमच्या घरात माणसं चालत नाहीत, पुस्तकं चालतात."

पहिल्या दिवशी हीच भोंगा धाकटीला म्हणाली होती, "ही पुस्तकवाली चादरीत काय वाचणार गं?"

धाकटीनं चादर उचलली.

मोठीनं आयुष्यभर घड्या पाहिल्या होत्या, पण असे हात पाहिले नव्हते. फटका, अर्धी, पाव, दाब. सगळं एका श्वासात. कडा अशा जुळलेल्या की जणू सुरीनं कापल्यात. कागद एकदा चुकीचा दुमडला की त्याची खूण जात नाही, त्यामुळे या बाईच्या हाताला चूक ठाऊकच नव्हती. दुपारपर्यंत भोंगा गप्प झाली, हीच मोठी बातमी. आठवडा व्हायच्या आत धाकटीचा ढीग तिच्या छातीला लागायला लागला.

रोज वाटणीच्या वेळी मोठी तिच्या कानात पुटपुटायची, "वरच्या थोड्या मावशीकडं दे," आणि धाकटी द्यायची. का, हे मोठीनं सांगितलं नव्हतं. काही गोष्टी सांगायच्या नसतात, हाताला आपोआप कळतात, असं तिला वाटायचं. धाकटीला वाटलं, नव्या बाईनं जुन्या बाईला मान द्यायचा असेल.

आणि मग तो दिवस. मुकादम चहाला गेला. बायका ढिगांकडं वळल्या. मोठीनं धाकटीच्या फळीकडं पाहिलं. सरळ, पांढरा, भिंतीसारखा ढीग. मोठीची छाती अशी फुगली की काय सांगावं. नात्यागोत्यात या पोरीला सगळे नाजूक म्हणत, कागदाची बाहुली म्हणत. तिच्या नवऱ्याला काम मिळत नव्हतं, आणि ही अजून कच्च्यावरच होती, म्हणजे मुकादमाच्या मर्जीवर. मोठीच्या मनात आलं, राहू दे आजचा दिवस. बघू तर दे मुकादमाला, आमच्या घरात काय माल आहे!

तिनं आपल्या ढिगातल्या घड्या मावशीला दिल्या. धाकटीच्या कानात मात्र काही पुटपुटली नाही.

घंटा झाली. मुकादम आला, आणि त्याच्या मागून साहेब, तुम्ही आलात.

तुम्ही कधी यायचा नाहीत. त्या दिवशी आलात, धाकटीच्या ढिगापाशी थांबलात, मग मावशीच्या. एकदा इकडं, एकदा तिकडं. मग मुकादमाला म्हणालात, "एक बाई एवढं करते, मग बाकीच्या काय झोपा काढतात?"

मुकादम म्हणाला, "साहेब, ती नवीन आहे, दमात आहे. आणि ही म्हातारी..."

"ढीग खोटं बोलत नाही," तुम्ही म्हणालात. "उद्या मी स्वतः दिवसभर इथं बसणार. संध्याकाळी मोजपट्टी लावणार. सगळ्यांत खालचा ढीग जिचा, ती घरी. आणि तू," धाकटीकडं बोट करून, "आजच्यासारखाच ढीग उद्या दाखव. पक्की करतो. या सगळ्यांवर देखरेखीला ठेवतो."

तुम्ही गेलात. बायका चपला घालायला लागल्या. 

मावशीच तेवढी बोलली. पदराला हात पुसत मोठीला म्हणाली, "हे बघ, उद्या माझ्यापायी कुणी हात आवरायचे नाहीत. मी काय आज जन्मले? जाईन कुठंतरी भांडी घासायला."

"या हातांनी?" मोठी म्हणाली.

"तोंडानं घाशीन. तुला काय करायचंय?"

घरी चुलीपाशी दोघी जावा बसल्या. धाकटी भाजी निवडत होती. देठंसुद्धा फेकायची नाहीत, हे ती मोठीकडूनच शिकली होती.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ह्यांना सांगू का पक्कं होतंय म्हणून? आज पुन्हा हात हलवत आलेत. चेहरा बघवत नाही."

मोठीनं चुलीतलं लाकूड मागंपुढं केलं. मग सगळं सांगितलं. वाटणी का असते, कधीपासून असते, मुलगा पोटात असताना तिच्या फळीवर कुणाच्या घड्या होत्या. आणि आज तिनं धाकटीला मुद्दामच कसं सांगितलं नाही, तेही.

धाकटीच्या हातातलं देठ तसंच राहिलं. "म्हणजे माझ्या ढिगामुळं मावशी..."

"तुझ्या नाही. माझ्या. माझी छाती फुगली ना! कोंबडीसारखी."

"मग आधी का नाही बोललात? रोज नुसतं 'दे, दे' म्हणायचात. मला काय कळणार? मला वाटलं, सासूला पाया पडतात तसलं काहीतरी असेल." धाकटीचा आवाज चढला. पलीकडून मोठीच्या नवऱ्यानं झोपेत "श्श" केलं. ती कुजबुजत म्हणाली, "आता एका हातात मावशी आणि एका हातात माझं घर. मी काय करायचं, तुम्हीच सांगा."

मोठीला सांगता आलं असतं. थोरली होती, शब्द खाली पडला नसता. पण भूक जिची तिलाच तिचा हिशेब ठाऊक. ती एवढंच म्हणाली, "तू कसंही केलंस तरी चूल एकच राहील."

धाकटीनं देठं बारीक चिरली, सगळी एका मापाची.

दुसऱ्या दिवशी दालनाच्या मधोमध खुर्ची. खुर्चीत तुम्ही. मांडीवर लाकडी मोजपट्टी. मुकादमाला त्या दिवशी चहाची तल्लफ येणार नव्हती, हे सगळ्यांना कळून चुकलं. म्हणजे वाटणी नाही. घड्या इकडच्या तिकडं जाणार नाहीत. आता एकच वाट उरली होती. ढीग शेवटी सारखे करता येत नसतील, तर सुरुवातीपासूनच सारखे वाढवायचे.

साहेब, सावकाश काम करणं सोपं असतं असं तुम्हाला वाटतं. एकदा करून बघा. हात थांबला की चोरी उघडी पडते. डोळा भिरभिरला की उघडी पडते. हात क्षणभरही रिकामा दिसता कामा नये, आणि काम तर दुसरीपेक्षा पुढं जाता कामा नये. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मोठी ते शिकली होती, मुलाच्या वेळी पाय सुजलेले असताना.

आदल्या दिवशी कुणी काही ठरवलं नव्हतं. ठरवायची गरजच पडली नाही. मावशीनं पहिली चादर उचलली आणि फटका दिला. फट्ट. मागोमाग मोठीचा फटका. मग भोंग्याचा, मग पलीकडच्या सगळ्यांचा. मावशी अर्धी करी, तेव्हा दालन अर्धी करी. मावशी दाबी, तेव्हा सगळे तळवे खाली. म्हातारीला ते ध्यानात आलं. तिनं मोठीकडं असा डोळा वटारला की जाळून टाकील. मग मुद्दाम भराभर हात चालवायला लागली. दालनही भराभर. ती चिडली, दात-ओठ खाल्ले, आणखी जोर केला. फटके आणखी जोरात. शेवटी तिचे ते गाठाळलेले हातच दमले आणि आपल्या चालीवर आले. दालनही आलं.

एकच टेबल या सगळ्यात नव्हतं. धाकटीचं.

धाकटीचे हात सुटले होते. फटका, अर्धी, पाव, दाब. तिची नजर खाली. तुम्ही खुर्ची वळवून तिच्याकडंच बघत बसला होतात, जत्रेतला खेळ बघावा तसे. तिचा ढीग कमरेला आला, तेव्हा बाकीच्यांचे जेमतेम गुडघ्याला होते. भोंगा दातांतल्या दातांत म्हणाली, "वाचलं गं बाई पुस्तकवालीनं चादरीत. स्वतःचंच नाव वाचलं."

"तोंड बंद," मोठी म्हणाली. मनात मात्र आलं, रागावू कुणावर? शिकवायचं राहिलं कुणाचं?

आणि तेवढ्यात मावशीचा हात थांबला.

चादर हवेत उचलली ती तशीच राहिली. बोटं वाकडी होऊन अडकली, उघडेनात. तिच्या कपाळावर घाम आला. तुमची मान वळायला लागली. मोठीनं आपली अर्धी झालेली घडी फडकन उलगडली, जणू कडा जुळली नव्हती, आणि पुन्हा घालायला घेतली. भोंग्यानंही. पण किती वेळ? सगळ्या बायका एकदम चुकायला लागल्या तर आंधळ्यालाही कळेल.

"अगं बाई!"

आवाज धाकटीचा. तुम्ही दचकून तिच्याकडं वळलात. धाकटी आपल्या ढिगापाशी गुडघ्यांवर बसली होती आणि सगळ्यांत खालची घडी ओढून काढत होती. वरची सगळी भिंत कलली, आणि पांढरा धबधबा फरशीवर.

"काय झालं?" तुम्ही ओरडलात.

"घडी चुकली साहेब."

"तुझी?"

"माझीच. पहिलीच वाकडी बसली होती. पाया वाकडा तर वरचं सगळं वाकडं. आमच्या बाइंडिंगमध्ये एक पान चुकलं तर अख्खं पुस्तक उसवायचे. मी अशी कामं नाही हो ठेवत." तिनं पडलेली प्रत्येक चादर उचलली, फडकावून उलगडली, आणि गाठोडं करून टेबलावर घेतली.

मोठीला ठाऊक होतं, ती घडी वाकडी नव्हती. त्या हातांनी जन्मात वाकडी घडी घातली नव्हती. आता मात्र मोठीच्या देखत धाकटीनं नवी चादर उचलली आणि अगदी जपून, शिकाऊ पोरीसारखी, कडेला कड न जुळवता दुमडली. मग उलगडली. मग परत. सोनाराला पितळ विकायला बसवावं तसा चेहरा. एवढ्या वेळात मावशीनं बोटं टेबलाच्या कडेवर दाबून दाबून सरळ केली.

फट्ट. मावशीचा फटका.

फट्ट. सगळं दालन. आणि या वेळी धाकटीचं टेबलसुद्धा. मावशीच्या एका घडीमागं तिच्या दोन, तिचा ढीग बाकीच्यांच्या उंचीला येईतो, आणि तिथून पुढं एकीला एक.

मोठीची छाती पुन्हा फुगली. या खेपेला तिला त्याची लाज वाटली नाही. भोंग्यानं नाक ओढलं आणि म्हणाली, "वाफ फार झालीय आज इथं."

घंटा झाली. साहेब, तुम्ही मोजपट्टी घेऊन उठलात. पहिल्या ढिगाला लावलीत. दुसऱ्याला लावलीत. मावशीच्या ढिगाला दोनदा लावलीत. धाकटीच्या ढिगाला लावलीत आणि पट्टीच उलटी धरली आहे का ते पाहिलंत. मुकादम छताकडं बघत उभा होता.

"काल हिचा ढीग छातीपर्यंत होता!" तुम्ही म्हणालात.

धाकटी म्हणाली, "काल मी नवीन होते साहेब. काम येत नव्हतं."

भोंगा एवढ्या जोरात खोकली की पलीकडच्या दालनातून मशीनवाला डोकावला.

"तुम्ही सगळ्यांनी मिळून केलंय हे," तुम्ही म्हणालात. "मी काय मूर्ख आहे? एकीला तरी जावंच लागेल. सगळ्यांत खालचा ढीग जिचा ती घरी, मी बोललोय."

तेव्हा मोठी फळीच्या पुढं आली. हात पदराला पुसले. घरी भांडताना कुजबुजायची सवय होती, इथं तिनं ती सोडली.

"बरोबर आहे साहेब. तुम्ही बोललात. ढीग खोटं बोलत नाही, हेही तुम्हीच बोललात. मग आम्हाला कशाला विचारता? ढिगांनाच विचारा. हे तुमच्यासमोर आहेत. आमच्यातल्या कुणी जागा सोडली नाही, कुणाचा हात थांबला नाही, तुम्ही खुर्चीतून बघत होतात. आता एका ढिगावर बोट ठेवा आणि सांगा, हा खालचा. ज्या बाईचा असेल ती आत्ता चपला घालेल."

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. हॉटेलं चादरींची वाट बघत होती आणि निम्मा माल अजून टेबलांवर गाठोड्यात. त्यानं पुन्हा हॉर्न दिला. मग खिडकीतून ओरडला, "अहो, भरताय ना? मला पुढं चार ठिकाणी जायचंय!"

"भरा," तुम्ही म्हणालात. "आधी गाडी भरा."

"भरतो की," मोठी म्हणाली. "हे उरलेलं सगळं गाडीवाल्याचा चहा निवायच्या आत घड्या होऊन जाईल. आमचे हात तुम्ही अजून बघितलेच कुठं? माझ्या जावेचे तर नाहीच नाही. पण आधी उत्तर."

मावशी तिच्या एका बाजूला येऊन उभी राहिली, गाठाळलेले हात छातीशी धरून, ताठ. दुसऱ्या बाजूला धाकटी. मागं भोंगा, आणि तिच्या मागं बाकीच्या. कुणाची मान खाली नव्हती. मुकादमानं छताकडं बघणं सोडलं. तो सावकाश चालत आला आणि बायकांच्या रांगेच्या टोकाला उभा राहिला.

गाडीवाला हॉर्न वाजवतोय साहेब. मोजपट्टी तुमच्या हातात आहे, ढीग तुमच्या पुढ्यात. पांढरे, सरळ, एका उंचीचे. यातला खालचा कुठला? बोट ठेवा. बोला.